आधी पाणी बघा, मग पक्षी

पावसाळ्यात मराठी वर्तमानपत्र उघडणाऱ्या कोणालाही नांदूर मध्यमेश्वर हे नाव विसर्गाच्या बातमीतून माहीत असतं. गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडलं, नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत इतके हजार क्युसेक निघाले, जायकवाडीचा साठा इतक्या टक्क्यांवर गेला. मराठवाड्यात तर हा आकडा पावसाच्या आकड्याइतक्याच काळजीने वाचला जातो. दिवाळी झाली की हे नाव त्या पानावरून जातं आणि दुर्बिणी, कॅमेरे, तिपाया घेऊन पहाटे घराबाहेर पडणाऱ्या मंडळींच्या तोंडी येतं. या मंडळींपैकी बऱ्याच जणांना विसर्गाच्या बातमीत काडीचा रस नसतो. माझं म्हणणं, तो असायला हवा. इथे कोणते पक्षी दिसतील, ते किती लांब बसतील, फोटो मिळेल की पाण्यावरचे ठिपके, हे कॅलेंडरपेक्षा पाण्याच्या पातळीवर जास्त ठरतं. आणि ही पातळी बोटांनी, वितीने मोजायची असते.

ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी नाशिक शहर ओलांडून निफाड तालुक्यात येते. उत्तरेला दिंडोरीच्या डोंगरांतून कादवा उतरते. दोघींच्या संगमाच्या जरा खाली, मध्यमेश्वराच्या देवळाच्या परिसरात, १९०७ ते १९१३ या काळात इंग्रज सरकारने एक दगडी बंधारा घातला. पाणी साठवणं हे या बंधाऱ्याचं मुख्य काम नव्हतंच. साठवण वरच्या अंगाला दारणा धरणात करायची, पाणी नदीतूनच खाली आणायचं आणि बंधाऱ्याशी ते थोडं उंच उचलून डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचं, अशी ती योजना. कोपरगाव-राहाता पट्ट्यातला ऊस या कालव्यांवर वाढला.

वाहत्या पाण्याची गती मंदावली की त्यातली माती खाली बसते, हे वेगळं सांगायला नको. इथे दोन नद्या भेटतात, दोन्ही दख्खनच्या काळ्या मातीच्या प्रदेशातून येतात, आणि भेटल्यावर लगेच त्यांच्यापुढे भिंत उभी राहते. शंभर वर्षं गाळ साचत राहिला. बंधाऱ्यामागचा जलाशय उथळ झाला, मधेच बेटं वर आली, बेटांवर बाभळी उगवल्या, काठांवर लव्हाळी आणि पाणकणीस माजलं, पाण्याखाली शेवाळ आणि पाणवनस्पतींचे गालिचे पसरले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात ही सरळसरळ घट. गाळाने खाल्लेला प्रत्येक घनमीटर म्हणजे कालव्याला न मिळालेलं पाणी. पक्ष्यांना मात्र याच घटीने घर दिलं.

१९८६ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १०० चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच येतं. २०२० च्या जानेवारीत या पाणथळीचं नाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेल्याचं जाहीर झालं आणि महाराष्ट्राला पहिलं रामसर स्थळ मिळालं. त्याच वर्षी लोणार आणि पुढे २०२२ मध्ये ठाण्याची खाडी या यादीत दाखल झाली. नांदूर मध्यमेश्वरच्या रामसर नोंदीत १,४३७ हेक्टर क्षेत्र आहे, म्हणजे अभयारण्याच्या साधारण सातव्या हिश्शाएवढं. आणि सगळे जीव मिळून ५३६ प्रजातींची नोंद आहे. त्यात पक्षी आहेत तसे मासे आहेत, झाडं आहेत, बिबट्याही आहे. या भागाला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणायची रीत आहे. मला ही असली उपाधी आवडत नाही, पण एका अर्थाने ती लोक समजतात त्यापेक्षा जास्त खरी आहे. राजस्थानातलं भरतपूरही माणसाने बांध घालून, पाणी वळवून केलेलं आहे. तिथेही बांधातून पाणी सोडलं नाही तर त्या वर्षी पक्षी पाठ फिरवतात.

आता वितीच्या हिशेबाकडे येऊ. थंडीत इथे येणाऱ्या बदकांचे ढोबळमानाने दोन गट पडतात: पाण्याच्या वरच्या थरात, डोकं बुडवून चरणारी, आणि पूर्ण बुडी मारून तळ गाठणारी. पहिल्या गटातली बदकं भूक लागली की शेपटी आभाळाकडे आणि डोकं पाण्यात अशी उलटी होतात. ती तळापर्यंत पोचतात ते केवळ मानेच्या लांबीवर. चक्रांग हे सगळ्यांत छोटं, कबुतराहून थोडं मोठं. त्याला वीतभर पाणी पुरे, त्याहून खोल गेलं तर तळातलं बी त्याच्या चोचीच्या टप्प्याबाहेर जातं. तलवार बदकाची मान लांब आणि सडपातळ, म्हणून ते चक्रांगापेक्षा बरंच खोल चरू शकतं. हळदी-कुंकू बदक या दोघांच्या मधलं, आणि ते तर बारा महिने इथलंच. तरंग बदक पाण्यावर असतंच, पण काठावर चढून गवतही चरतं, त्यामुळे त्याला पातळीची तितकी फिकीर नाही. थापट्याची गोष्ट निराळी. त्याची चोच पुढे फावड्यासारखी रुंद होते आणि कडांना दाट दाते असतात. पाणी आत घ्यायचं, दात्यांतून बाहेर सोडायचं, अडकलेले सूक्ष्म जीव गिळायचे. तो डोकं पाण्याशी टेकवून गोल-गोल पोहत राहतो, कधी दहा-बारा थापटे एकाच वर्तुळात, पुढच्याने ढवळलेलं पाणी मागचा गाळतो.

बुडी मारणाऱ्या गटात लालसरीसारखी बदकं येतात. त्यांचे पाय शरीराच्या मागच्या टोकाला असतात. बुडायला सोयीचे, चालायला गैरसोयीचे. ती खोल पाणी शोधतात, म्हणून बंधाऱ्याजवळच्या आणि जुन्या नदीपात्राच्या बाजूला असतात. शिवाय वजनाच्या मानाने पंख लहान असल्याने त्यांना पाण्यावरून थेट उडता येत नाही. पंख मारत, पाण्यावर पळत थोडं अंतर कापावं लागतं. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरीही असाच पळतो. हे फोटो काढणाऱ्याने लक्षात ठेवावं. चक्रांग उडायचं ठरवतो तेव्हा जागेवरून सरळ वर उसळतो आणि कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत चौकटीबाहेर असतो. वारकरी आणि लालसरी मात्र आधी धावतात, मागे पाण्याचे शिंतोडे उडवतात, आणि आपल्याला तेवढ्यात सावरायला वेळ देतात.

चिखल ही तर याहून बारीक वाटणी. पाणी चार बोटं उतरलं की काठालगत ओल्या गाळाचा एक पट्टा उघडा पडतो. या गाळात किड्यांच्या लालसर अळ्या, कृमी, छोटे शंख असतात. चिखल्याची चोच आखूड, डोळे मोठे: तो पाहून शिकार करतो, चार पावलं पळतो, थबकतो, टिपतो, पुन्हा पळतो. तुतवार त्याहून लांब चोचीचा, तो वरचा थर चाचपतो. पाणटिवळ्याची चोच इतकी लांब की ती मुळापर्यंत चिखलात जाते. तिच्या टोकाशी स्पर्शाच्या जाणिवा असतात आणि बाकीची चोच मिटलेली असताना केवळ टोक उघडता येतं, त्यामुळे अळी चिखलाच्या आतच चिमटीत पकडता येते. शेकाट्या त्याच्या काडीसारख्या गुलाबी पायांवर गुडघाभर पाण्यात फिरतो. एकाच दहा पावलांच्या पट्ट्यात हे चौघे एकमेकांच्या अध्यात-मध्यात न येता जेवतात. पाणी पुन्हा चार बोटं चढलं की पट्टा बुडतो आणि चौघेही निघून जातात.

उघड्या चोचीचा करकोचा पाहिला की नवख्याला वाटतं चोच मोडली आहे. दोन्ही जबड्यांच्या मधे फट असते खरी, आणि मोठ्या पाणगोगलगाई धरायला ती उपयोगी पडते. चित्रबलाक हा रंगीत, गुलाबी झाक असलेला करकोचा डोळ्यांवर भिस्त ठेवत नाही. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून तो चालत राहतो, पायाने तळ ढवळतो, आणि मासा चोचीला लागला की क्षणात मिटतो. गढूळ पाण्यात त्याचं काहीच अडत नाही. पण पाणी मांडीच्या वर गेलं की त्याचा धंदा बंद. म्हणून ज्या सकाळी करकोचे एका बाजूला दाटीने दिसतात, त्या बाजूला पाणी उतरतंय आणि मासे डबक्यांत कोंडले जातायत असं समजावं.

ही पातळी हिवाळ्यात स्थिर राहत नाही. रब्बीसाठी कालव्याला आवर्तन सुटतं, दारण्याचं पाणी खाली येतं, दारं उघडतात-मिटतात. जायकवाडीसाठी वरून पाणी सोडायचं की नाही हा नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा जुना वाद आहे, आणि दुष्काळी वर्षी तो निकाली निघाला की ते पाणीही याच पात्रातून जातं. आठवडाभरात एखादं बेट बुडतं किंवा वर येतं. म्हणून जायच्या आधी चापडगावातल्या एखाद्या माहीतगाराला फोन करावा आणि ‘दादा, पक्षी आलेत का?’ याऐवजी ‘दादा, आवर्तन चालू आहे का? चिखल उघडा पडलाय का?’ असं विचारावं. पक्षी आलेतच; ते कुठे बसलेत याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात मिळतं. चापडगाव आणि खाणगाव थडी या गावांच्या बाजूंनी निरीक्षण मनोरे आहेत, गावातले तरुण मार्गदर्शक म्हणून बरोबर येतात. पहिल्या खेपेला मार्गदर्शक घ्यावाच. तो पक्ष्यांची नावं सांगेल म्हणून घ्यायचा असं नाही, ती पुस्तकातही मिळतात. कालचं पाणी कुठे होतं हे मात्र त्यालाच माहीत असतं.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते मार्च. मध्य आशियाई उड्डाणमार्ग नावाचा जो प्रचंड पट्टा उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत पसरला आहे, त्यावरून हे पाहुणे येतात. त्यांतल्या पट्टकादंब या हंसाने हिमालय ओलांडताना ७,००० मीटरहून जास्त उंची गाठल्याचं उपग्रह-यंत्रांनी टिपलेलं आहे. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची रंगीत कडी घातलेले पट्टकादंब भारतातल्या तळ्यांवर ओळखले गेले आहेत, आणि ते ओळखण्यात दुर्बिणीइतकाच हौशी लोकांच्या फोटोंचा वाटा आहे. पायात किंवा मानेत कडी असलेला पक्षी दिसला तर त्याचा सुंदर फोटो नंतर, आधी अक्षरं वाचता येतील असा फोटो.

हंगामाच्या आत आणखी एक हंगाम असतो, आणि त्याबद्दल कोणी फारसं सांगत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरलेले बहुतेक नर बदक मादीसारखेच मळकट तपकिरी असतात. विणीनंतर त्यांची पिसं झडतात आणि काही महिने ते या साध्या वेषात राहतात. तलवार बदक डिसेंबरपर्यंत पुन्हा नटतो. भुवई बदकाच्या नराला त्याची ती पांढरीशुभ्र भुवई फुटायला फेब्रुवारी उजाडतो. कमळपक्ष्याचं उलटं. त्याची लांब, बाकदार शेपटी पावसाळ्यातली, विणीच्या काळातली. हिवाळ्यात तो बिनशेपटीचा, फिकट असतो आणि पुस्तकातलं चित्र घेऊन फिरणाऱ्याला ओळखूच येत नाही. त्याची लांब बोटं तेवढी बाराही महिने तीच, तरंगत्या पानांवर वजन पसरून देणारी. मार्चमध्ये गर्दी ओसरते, ऊन चढतं, पण परतीच्या तयारीत असलेले पाणटिवळे विटकरी रंगावर येऊ लागतात आणि पाणी उतरल्यामुळे चिखल सर्वांत मोठा असतो. मला विचाराल तर डिसेंबरच्या रविवारपेक्षा मार्चचा एखादा मधला वार बरा.

डिसेंबर-जानेवारीचं आकर्षण मात्र समजण्यासारखं आहे. निफाड हा महाराष्ट्रातल्या सर्वांत थंड भागांपैकी एक. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेलं किमान तापमान दर थंडीत वर्तमानपत्रात छापून येतं. पारा चार-पाच अंशांच्या खाली घसरला की द्राक्षबागायतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. जलाशयावर धुकं बसतं. अशा सकाळी सात-सव्वासातला सूर्य उगवला तरी अर्धा-पाऊण तास काहीच दिसत नाही, नुसते आवाज येतात: अडईच्या शिट्ट्या, वारकऱ्यांची चकमक, दूरवर क्रौंच. हात खिशात घालून थांबावं. धुकं वर उचलतं तेव्हा पाण्यालगतचा एक थर आधी मोकळा होतो आणि दहा मिनिटं असा प्रकाश मिळतो की त्यासाठी लोक पुण्या-मुंबईहून रात्री गाडी काढतात.

आणि कॅमेऱ्याची खरी अडचण अंतराची आहे. ६०० मिलिमीटरची लेन्स पूर्ण आकाराच्या सेन्सरवर लावली तर १०० मीटरवर चौकटीत ६ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. चक्रांग लांबीला ३६-३८ सेंटिमीटर. म्हणजे तो त्या चौकटीच्या रुंदीच्या सोळाव्या हिश्शात येतो, आणि फोटो बघणाऱ्याला तो बाण काढून दाखवावा लागतो. तोच पक्षी २५ मीटरवर आला तर चौकटीच्या रुंदीचा चौथा हिस्सा भरतो. ३०० ची लेन्स बदलून ६०० ची घेणं आणि अंतर निम्म्यावर येणं यांचा चौकटीतला परिणाम एकच. पहिल्याला काही लाख रुपये पडतात, दुसऱ्याला एका जागी दोन तास बसण्याची तयारी. शिवाय लांबच्या फोटोत मधली हवा आडवी येते. उन्हाने जमीन आणि पाणी वेगवेगळं तापलं की हवा थरथरायला लागते. दहा वाजल्यानंतर १०० मीटरवरच्या बदकाचं पिसन् पिस सुटं दाखवणारी लेन्स अजून कोणी बनवलेली नाही. फोकस चुकला असं समजून लोक कॅमेऱ्याला शिव्या घालतात, दोष हवेचा असतो.

म्हणून अंतर पक्ष्याने कमी करायचं असतं, आपण नाही. माणूस त्यांच्याकडे चालत गेला की ते ठरावीक टप्प्यावर उडतात. माणूस बसून राहिला की चरता-चरता तेच जवळ येतात. उडण्याआधी ते सूचना देतात. चरणं थांबतं, माना ताठ होतात, पोहण्याची दिशा तुमच्यापासून दूर वळते. इथे थांबलात तर थोड्या वेळाने माना खाली जातात. आणखी दोन पावलं टाकलीत तर सगळा थवा हवेत. काहींना नेमका तोच फोटो हवा असतो, हजार बदकं एकदम उठलेली, आणि त्यासाठी टाळ्या वाजवणारी, दगड भिरकावणारी माणसं असतात. हा निव्वळ हलकटपणा आहे. बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्याच्या मध्यावर, चोच पाठीत खुपसून झोपतात. ‘नुसती झोपलीयत, काही करत नाहीत’ अशी तक्रार मनोऱ्यावर ऐकू येते. ती हजारो किलोमीटरांच्या परतीसाठी चरबी राखून ठेवतायत. दिवसातून चार वेळा उठवलं तर तीच चरबी त्या चार उड्डाणांत जळते.

थवा स्वतःहून उठतो तेव्हा बहुधा शिकारी पक्षी आलेला असतो. पाणकणसाच्या शेंड्यांना टेकत, पंखांचा उथळ इंग्रजी ‘व्ही’ करून तरंगत येणारा तपकिरी पक्षी म्हणजे दलदलीतला भोवत्या. त्याच्या पुढे-पुढे चक्रांगांची लाट उसळत जाते, वारकरी मात्र उडण्याऐवजी पाण्यावर एकत्र गोळा होतात. अशा वेळी कॅमेरा भोवत्यावर रोखण्यापेक्षा त्याच्या वाटेच्या पुढे रोखावा.

बाकीचं तंत्र थोडक्यात. मोठे पक्षी उतरताना आणि उडताना वाऱ्याकडे तोंड करतात. वारा तुमच्या पाठीकडून येत असेल आणि सूर्यही पाठीशी असेल तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून, चेहऱ्यावर उजेड घेऊन उतरतो. वारा समोरून असेल तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळतात. शटरचा वेग म्हणाल तर उडत्या बगळ्याला सेकंदाचा हजारावा भाग पुरतो, चक्रांगाला दोन हजारावा हवा. काळ्या पाण्यावरचा पांढरा बगळा कॅमेऱ्याच्या मोजमापाला फसवतो आणि पिसांच्या जागी कोरा पांढरा डाग उरतो, म्हणून उजेड मुद्दाम कमी करावा. चकाकत्या पाण्यावरच्या काळ्या वारकऱ्यासाठी वाढवावा. मनोरा पाहण्यासाठी उत्तम, फोटोसाठी तितकासा नाही, कारण वरून घेतलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि पाणीच दिसतं. काठावर खाली बसलं की त्याच्या डोळ्याच्या पातळीवर येता येतं. पण चिखलात उतरू नये. एक तर तो गाळ खरोखर खोल आहे, आणि दुसरं म्हणजे तेच त्यांचं जेवणाचं ताट.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कॅमेरा घरी ठेवला तरी चालेल, दुर्बीण मात्र न्यावी. ८×४२ ही सगळ्यांत कामाची: आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असल्याने पहाटेच्या अंधूक उजेडातही चित्र उजळ राहतं. दहापटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही दहापट दिसतो. कॅमेऱ्याच्या छिद्रातून एकावेळी एकच पक्षी दिसतो. चार जण एकाच पट्ट्यात कसे जेवतात ते दिसत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला गाळ आणि पाणी हेच आता अडचणीत आहेत. वरच्या अंगाला नाशिक शहर आहे, आणि शहराचं सांडपाणी गोदावरीतूनच पुढे येतं. त्यातल्या पोषणद्रव्यांवर जलपर्णी पोसते. तिचा हिरवा थर एकदा पसरला की खालच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, बदकांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही. रामसर नोंदीतच जलपर्णी, पाण्याचा उपसा, दुष्काळ आणि शहरीकरण हे धोके लिहिलेले आहेत. त्याच नोंदीत देवळाली मिन्नो हा नष्ट होण्याच्या काठावरचा छोटा मासा आहे. त्याचा फोटो काढायला कोणीही पहाटे उठत नाही. गाळाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना एरवी शहाणपणाची आहे. धरणातला गाळ शेतात गेला की दोघांचं भलं होतं. पण इथे गाळ हेच अभयारण्य आहे. आणि तो असाच साचत राहिला तर उथळ पाण्याची दलदल, दलदलीचं गवताळ रान आणि शेवटी शेतजमीन होणं हाही निसर्गाचा क्रमच आहे. तेव्हा सगळा काढणं चूक आणि काहीच न काढणंही चूक. कुठला काढायचा, किती खोल, कुठल्या महिन्यात, हे पाटबंधारे खातं, वन खातं आणि काठावरचे शेतकरी एकत्र बसल्याशिवाय ठरणार नाही. तिघांना पाणी वेगवेगळ्या पातळीला हवं आहे.

हौशी माणूस यात एक छोटी पण उपयोगाची गोष्ट करू शकतो. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला आठवडा. बरेच जण ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर वर्षभर याद्या टाकतात. या याद्यांमध्ये पक्षी असतात, आकडे असतात, वेळ असते; पाण्याची पातळी क्वचितच असते. मग एखाद्या जानेवारीत चिखलावरचे पक्षी निम्मे भरले की ‘पक्षी घटले’ अशी बातमी होते. ते कदाचित खरंच घटले असतील. कदाचित त्या आठवड्यात आवर्तनासाठी पाणी वर धरलेलं असेल, चिखल बुडालेला असेल आणि पाणटिवळे दहा किलोमीटर खाली नदीच्या एखाद्या वाळूच्या पट्टीवर मजेत चरत असतील. नुसत्या आकड्यावरून यातलं कुठलं खरं हे सांगता येत नाही. यादीच्या शेरा-रकान्यात ‘मोठं बेट निम्मं बुडालेलं, काठाला वीतभर चिखल उघडा’ एवढी एक ओळ लिहिली आणि दर वेळी एकाच बाभळीचा, एकाच जागेवरून, पाण्याची रेघ दिसेल असा फोटो जोडला, तर आणखी काही वर्षांनी तो आकडा वाचणाऱ्याला त्यातून काहीतरी कळेल.